डेलियाचे कंद वसंतात कधी आणि कसे सुरू करावेत?

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून एका ताईंनी विचारलं आहे: "मार्चमध्ये टपालाने डेलियाचे पाच कंद आले आहेत. गेल्या वर्षी आल्या आल्या कुंडीत लावले, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले, रोज थोडं थोडं पाणी घातलं आणि सगळे कुजले. पुण्याला आई पाऊस ओसरला की डेलिया लावायची, तेव्हा असं कधी झालेलं आठवत नाही. यंदा गौरी-गणपतीला घरची फुलं हवी आहेत. कंद कधी लावायचे? आधी घरात कुंडीत, की थेट वाफ्यात?"

ताई, थोडक्यात उत्तर असं. कुंड्या भरा १० ते १५ एप्रिलच्या सुमारास, आणि रोपं जमिनीत न्या १५ ते २५ मेच्या दरम्यान. तोवर, म्हणजे मार्चभर, कंदांचं काही करायचं नाही. फक्त ते सुकू द्यायचे नाहीत आणि गोठू द्यायचे नाहीत. कोंब मातीच्या वर दिसेपर्यंत कुंडीत पाण्याचा थेंबही घालायचा नाही. गेल्या वर्षीचे तुमचे कंद बहुतेक पाण्यानेच गेले. मी मध्य न्यू जर्सीत बरीच वर्षं डेलिया लावते, दर वसंतात ओळखीच्यांना कंद वाटते, आणि मे-जूनमध्ये "उगवलंच नाही हो" म्हणून जे फोन येतात त्यांतल्या बहुतेकांचं कारण हेच निघतं. म्हणून आधी पाण्याबद्दल सांगते, बाकीचं मग.

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या उंच डोंगराळ भागातला. १९६३ पासून तो मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. तिथे पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, आणि हिवाळा कोरडा. हिवाळ्यात वरचं झाड वाळून जातं, कंद कोरड्या मातीत काही महिने निपचित पडून राहतो, आणि माती तापून पाऊस सुरू झाला की कोंब काढतो. या पडून राहण्याच्या काळात त्याला पाणी ओढून घेणारी बारीक मुळं नसतात. जुनी गेलेली असतात आणि नवी फुटतात ती कोंबाच्या सोबतीने. पहिला कोंब वर आणण्यापुरतं पाणी आणि अन्न कंदाच्या पोटातच साठवलेलं असतं. मग आपण वरून घातलेलं पाणी प्यायला कोण आहे? कोणीच नाही. ते कंदाभोवती साचतं, मातीतली हवा घालवतं, आणि गार ओल्या मातीतल्या बुरशी कंदाच्या कापलेल्या-खरचटलेल्या जागेतून आत शिरतात. खिडकीतली जागा रात्री गार पडते, त्यामुळे कोंब यायला आणखी उशीर, आणि तेवढा काळ कंद ओलाव्यात. रोज थोडं थोडं पाणी घालणं हे एकदाच भरपूर घालण्यापेक्षा वाईट, कारण माती कधी वाळतच नाही.

आईंच्या पद्धतीत काहीच चूक नव्हती. पुण्यात डेलिया हे थंडीचं फूल. पावसाळा सरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायचा, बहुतेकदा कटिंगपासून केलेलं रोप, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं घ्यायची. तिथे माती लावणीच्या वेळी उबदारच असते आणि धोका असतो तो उन्हाळ्याचा आणि पावसाचा. आपल्याकडे इथे उलटं आहे. वाफ्यातली माती एप्रिलमध्येही गारठलेली, आणि झाडाचा जीव घेणारी गोष्ट म्हणजे फ्रॉस्ट, पारा गोठणबिंदूच्या खाली गेल्यावर पडणारं गोठलेलं दंव. त्यामुळे तिकडचा महिना इकडे चालत नाही, आणि तिकडचं पाणीही नाही.

आता आलेल्या कंदांचं काय करायचं

खोकं लगेच उघडा. कंद हातात घेऊन दाबून बघा. घट्ट असेल तर उत्तम. थोडा सुरकुतलेला, वाकवला तर किंचित वाकणारा, पण आतून भरीव लागत असेल तर तोही चालतो. असा कंद तास-दोन तास कोमट पाण्यात बुडवून काढला आणि कागदावर कोरडा केला की बराच सावरतो. दाबल्यावर बोट आत जात असेल, घाण वास येत असेल, किंवा पोकळ होऊन कागदासारखा हलका झाला असेल तर तो गेला. विकणाऱ्याला त्याच दिवशी फोटो पाठवा. चांगले विक्रेते बदलून देतात, पण महिन्याभराने कळवलं तर त्यांचाही नाइलाज असतो.

आकारावरून किंमत करू नका. पेन्सिल सेलएवढा कंदही पूर्ण उंचीचं झाड देतो. हातभर लांब, जाडजूड कंद बघून लोक खूश होतात, पण त्याचा झाडाला फारसा फायदा नाही; उलट मोठा कंद आयत्या साठ्यावर जगत राहतो आणि नवी मुळं आळसाने काढतो. कुंडीत मावत नसेल तर शेपटीकडचा भाग सरळ कापून टाका, काप एक दिवस सुकू द्या आणि लावा.

बघायची खरी गोष्ट म्हणजे डोळा. इथे बहुतेकांचा बटाट्यामुळे गैरसमज होतो. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कारण तो जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. डेलियाचा कंद हे फुगलेलं मूळ आहे, आणि त्याच्या अंगावर कुठेही डोळा नसतो. डोळे असतात ते फक्त वरच्या टोकाला, जिथे कंदाची बारीक मान जुन्या खोडाच्या बुडख्याला जोडलेली असते, तिथल्या चिंचोळ्या पट्ट्यात. दुपारच्या उजेडात कंद तिरका धरा आणि मानेच्या वर, खोडाच्या कडेशी बघा. एखादा मोहरीएवढा उंचवटा दिसेल, फिकट गुलाबी, हिरवट किंवा पांढरट, जातीप्रमाणे. त्याच्याभोवती कधी कधी बारीकसं वर्तुळ दिसतं. तोच डोळा. मार्चमध्ये तो दिसला नाही तर घाबरू नका, अजून झोपलेला असतो. पण मान मोडलेली असेल, आतली जोडणी तुटून कंद नुसता सालीला लोंबकळत असेल, किंवा वर खोडाचा तुकडाच नसेल, तर त्या कंदाला कोंब येणार नाही. त्याला मुळं येतील, तो महिनोन्‌महिने टणक राहील, पण वर काही येणार नाही.

तपासून झालं की कंद किंचित दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरणारं हलकं खनिज, नर्सरीत मिळतं) किंवा लाकडाच्या भुश्शात ठेवा, ४० ते ५० अंश फॅरनहाइटच्या जागी. तळघराचा थंड कोपरा चालतो. गॅरेज रात्री गोठत नसेल तरच. जातीचं नाव प्रत्येक कंदावर पक्क्या शाईच्या पेनने थेट लिहा. पिशवीवरच्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे होतात, आणि एकदा नाव हरवलं की फूल येईपर्यंत कोणता कंद कोणता हे कोणालाच सांगता येत नाही.

स्वतःच्या बागेतले, शरद ऋतूत काढून ठेवलेले गड्डे, म्हणजे एकाच बुडख्याला जोडलेले कंदांचे घोस, असतील त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ते वसंतात फोडणं सोपं जातं, कारण तोवर डोळे फुगून वर आलेले असतात. गड्डा दोन-तीन आठवडे उबदार खोलीत, तळाशी किंचित दमट पॉटिंग मिक्स (कुंडीसाठी तयार मिळणारं हलकं मिश्रण) घालून ट्रेमध्ये ठेवा आणि मग धारदार सुरीने असे भाग करा की प्रत्येक कंदाला मान आणि निदान एक डोळा येईल. दोन गड्ड्यांच्या मधे सुरी पातळ ब्लीचच्या पाण्यात, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, बुडवून घ्या.

कापताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बुडख्याशी खडबडीत, वेडीवाकडी गाठ असेल, किंवा एकाच जागी बारीक, खुरटलेल्या, जाडसर कोंबांचा दाट झुबका आला असेल, तर ते भरपूर डोळे नव्हेत. पहिला क्राउन गॉल, दुसरा लीफी गॉल. दोन्ही जिवाणूंमुळे होतात, दोन्हींवर औषध नाही, आणि दोन्ही सुरीवरून पुढच्या कंदावर जातात. असा गड्डा कंपोस्टमध्येही टाकू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, हात आणि सुरी धुवा. आवडत्या जातीच्या बाबतीत हे जिवावर येतं, मला माहीत आहे. पण एका गड्ड्यासाठी अख्खा वाफा धोक्यात घालण्यासारखा नसतो.

तारीख कशी काढायची

कॅलेंडरपेक्षा मातीवर विश्वास ठेवा. कंद किंवा रोप जमिनीत जायचं ते माती ६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १५-१६ सेल्सिअसला आल्यावर. स्वयंपाकघरात मांस किंवा पाव तपासायला वापरतात तो सळईचा थर्मामीटर पुरतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ऊन तापायच्या आधी, तो चार ते सहा इंच खोल खुपसायचा. सलग चार-पाच सकाळी ६० किंवा वर आलं की माती तयार. दुपारी बघितलं तर वरवर तापलेली माती फसवते. एप्रिलमध्ये एखादा आठवडा ७५ अंशांचा येतो, शेजारीपाजारी टी-शर्टवर फिरू लागतात आणि आपल्यालाही कुदळ घ्यावीशी वाटते. त्या आठवड्यातही चार इंच खाली माती ५० च्या आसपासच असते.

तुमच्या भागात शेवटचा फ्रॉस्ट सरासरीने मेच्या पहिल्या पंधरवड्यात येऊन जातो. सरासरी म्हणजे काही वर्षी त्यानंतरही येतो. म्हणून १५ मेच्या आधी बाहेर काही नेऊ नका, २० मे अधिक सुरक्षित. तिथून चार ते सहा आठवडे मागे मोजलं की कुंडी भरायची वेळ येते. याहून आधी सुरू केलं तर फायदा काही होत नाही. आठ-दहा आठवडे घरात वाढलेलं रोप उंच, लवचिक आणि मुळांनी कुंडी भरून गेलेलं होतं, बाहेर नेल्यावर दोन आठवडे रुसतं, आणि तेवढ्यात उशिरा सुरू केलेलं रोप त्याला गाठतं.

घरात सुरू करणं सगळ्यांना गरजेचं आहे का? नाही, आणि हे कंद विकणाऱ्या कॅटलॉगमध्ये सहसा सांगत नाहीत. डेलियाला कंदापासून पहिल्या फुलापर्यंत जातीप्रमाणे साधारण ९० ते १२० दिवस लागतात. २० मेला थेट वाफ्यात लावलेला कंद ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात फुलतो, आणि शिकागोच्या उपनगरांत पहिला फ्रॉस्ट साधारण ऑक्टोबरात. म्हणजे थेट लावूनही महिनाभर फुलं मिळतात. चाळीस-पन्नास कंद लावणाऱ्यांनी खुशाल थेट जमिनीत लावावेत; एवढ्या कुंड्या आणि दिवे सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं. पण तुमचे कंद पाच आहेत आणि तुम्हाला फुलं गौरी-गणपतीला हवी आहेत, म्हणून तुम्ही घरात सुरू करा. चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. ज्या वर्षी ती ऑगस्टात येते त्या वर्षी हे चार-पाच आठवडेच कामाला येतात. सप्टेंबरात आली तर थेट लावलेल्या मध्यम आकाराच्या जातीही पोहोचतात.

जातीवरही बरंच अवलंबून आहे. 'केल्विन फ्लडलाइट'सारखी पिवळी, ताटाएवढी फुलं देणारी जात सावकाश येते. 'कॉर्नेल'सारखी गडद लाल, गोल, चेंडू प्रकारातली जात भरपूर फुलते, आणि ती फुलं कापून पाण्यात ठेवल्यावर मोठ्या फुलांपेक्षा जास्त टिकतात. १९२४ पासून चालत आलेली 'बिशप ऑफ लँडाफ', काळपट पानांची आणि लाल फुलांची, बागेत सुंदर दिसते, पण मधमाशांसाठी अधिक बरी, फुलदाणीसाठी कमी. आमच्या न्यू जर्सीत तयार झालेली १९२३ ची 'जर्सीज ब्यूटी' आजही मिळते. गुलाबी, लांब देठाची. गौरीपुढे मांडायला मी चेंडू प्रकार आणि मध्यम आकाराच्या सजावटी जातीच निवडते.

कुंडी भरताना

एक गॅलनची नर्सरीतली काळी प्लास्टिकची कुंडी सर्वांत सोयीची. तळाला भोकं हवीतच. माती बागेतली नको, ती कुंडीत दगड होते. साधं पॉटिंग मिक्स घ्या, त्यात एक चतुर्थांश परलाइट, म्हणजे निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे, मिसळा. आता ओलावा. मिक्स बादलीत घेऊन थोडं थोडं पाणी शिंपडत हाताने कालवा आणि मूठ आवळा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटाने टोकला की फुटला पाहिजे, आणि आवळताना बोटांमधून एकही थेंब गळता कामा नये. गळला तर आणखी कोरडं मिक्स घाला. कंदाला पुढचे दोन-तीन आठवडे हाच ओलावा पुरणार आहे.

कुंडी अर्धी भरून कंद आडवा किंवा तिरका ठेवा, मान आणि डोळा वरच्या बाजूला. वर मिक्स घाला, पण डोळ्याची जागा पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा, अर्ध्या इंचाचा थर पुरे. जमिनीत आपण खोल लावतो, कुंडीत नाही. डोळा उथळ असला की कोंब कधी आला ते दिसतं, आणि कुजायची शक्यताही कमी राहते. कुंडीला नावाची पट्टी लावा. आणि पाण्याची झारी त्या खोलीतून बाहेर न्या. हे मी अगदी मनापासून सांगते आहे, कारण झारी हाताशी असली की हात जातोच.

या टप्प्यावर उजेड लागत नाही, ऊब लागते. ६५ ते ७० अंशांची जागा शोधा: फर्नेसजवळचा कोपरा, फ्रिजचं डोकं, किंवा बी रुजवायची हीट मॅट. मॅटवर मिक्स लवकर वाळतं, तेव्हा आठवड्यातून एकदा बोट इंचभर आत घालून बघा. अगदीच धुळीसारखं कोरडं झालं असेल तर कडेने दोन चमचे पाणी, कंदावर नाही. काही जाती दहा दिवसांत कोंब दाखवतात, काही पाच-सहा आठवडे घेतात. एकाच दिवशी लावलेल्या पाच कुंड्यांत तीन हिरव्या आणि दोन गप्प, हे नेहमीचं आहे. गप्प कुंडीतला कंद रोज उकरून बघू नका. अगदीच राहवलं नाही तर तीन आठवड्यांनी कडेची माती हलकेच बाजूला करून कंदाला बोट लावा. टणक असेल तर झाकून ठेवा.

कोंब दिसला की सगळं बदलतं. आता उजेड हवा, आणि खिडकीतला पुरत नाही, दक्षिणेकडची असली तरी. कोंब काचेकडे झुकत बारीक आणि लांब होतो, मग बाहेरच्या पहिल्या वाऱ्याने मोडतो. साधा एलईडी शॉप लाइट शेंड्यापासून पाच-सहा इंच वर टांगा आणि टायमर लावून १४ ते १६ तास चालू ठेवा. हे तास मी उगाच सांगत नाही. दिवस लहान असला की डेलियाचा कल पाला वाढवण्याऐवजी जमिनीखाली कंद भरण्याकडे जातो. मूळच्या डोंगरांत दिवस लहान होणं ही हिवाळा जवळ आल्याची खूण असते. शिकागोत एप्रिलच्या मध्याला दिवस साधारण १३ तासांचा असतो, पण घरातल्या खिडकीत त्यातला कामाचा उजेड फार थोडा. दिव्याने ती उणीव भरून निघते आणि रोप ठेंगणं, जाड देठाचं होतं.

पाणी आता द्यायचं, पण वरची इंचभर माती वाळल्यावरच, आणि दिलं की तळातून निथळेपर्यंत. कोंबाला दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की मुळं बसलेली असतात. खत या काळात नाही दिलं तरी चालतं.

एका कंदाची चार झाडं

महागडा किंवा दुर्मीळ कंद असेल तर हे जरूर करा. डेलिया वाढवण्यातलं हे मला सर्वांत आवडणारं काम आहे. कंदाला कोंब फुटून तीन इंचांचा झाला, दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या, की कुंडीतली वरची माती बोटाने बाजूला करा. कोंब जिथे कंदाला चिकटलेला आहे तिथेच, कंदाच्या सालीचा पातळसा पापुद्रा सोबत येईल असा, धारदार ब्लेडने कापा. खालची पानं काढा, बुड रूटिंग पावडरीत (मुळं फुटायला मदत करणारी पूड) टेकवा आणि दमट परलाइट-मिक्सच्या छोट्या कपात रोवा. वर पारदर्शक डबा उपडा घाला, खाली ७० अंशांची ऊब, वर तोच दिवा. रोज एकदा डबा उचलून हवा द्या. पहिले दोन दिवस कटिंग मान टाकतं, मग सावरतं. दोन ते तीन आठवड्यांत हलकेच ओढलं की धरून ठेवल्यासारखं लागतं, मुळं आली.

इकडे मूळ कंद दुसरे कोंब काढतो, पुन्हा काढता येतात. शेवटचा कोंब मात्र कापू नका, तो कंदाचाच राहू द्या. कटिंगपासून झालेलं झाड त्याच वर्षी फुलतं, खाली कंदही धरतं, आणि फूल हुबेहूब त्याच जातीचं. बियांपासून मात्र तसं होत नाही. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे बीजातून रंग-रूपाची इतकी वेगवेगळी सरमिसळ निघते की आईसारखं मूल मिळणं जवळजवळ अशक्य.

बाहेर नेताना

मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून कुंड्यांना बाहेरच्या हवेची सवय लावा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू ऊन आणि वारा वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण दिवस. रात्री ४५ अंशांच्या खाली जाणार असेल तर आत. दिव्याखाली वाढलेलं पान एकदम उन्हात नेलं की पांढरं पडून भाजतं.

जागा अशी हवी की निदान सहा तास ऊन, आणि पाऊस पडून गेल्यावर पाणी साचत नाही. तुमच्याकडची आणि आमच्याकडचीही माती चिकट. ती खणून कंपोस्ट मिसळा आणि वाफा सहा-आठ इंच उंच करा. खत घालायच्या आधी माती तपासून घ्या. आमच्याकडे रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा करून देते, तुमच्याकडे इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तार सेवेकडून जवळच्या प्रयोगशाळांची माहिती मिळेल. लॉनचं नायट्रोजनवालं खत डेलियाला घालू नका. झाड पुरुषभर उंच, पानं हिरवीगार, आणि फूल नाही, असं होतं.

उंच जातींची काठी आधी ठोका, मग झाड लावा. जुलैत काठी ठोकायला गेलात तर ती नेमकी कंदाच्या पोटातून जाते. दोन झाडांत दीड ते दोन फूट. कुंडीतलं रोप आधी होतं त्याहून दोन-तीन इंच खोल चालतं. थेट कंद लावत असाल तर चार ते सहा इंच खोल, आडवा, डोळा वर. आणि तिथेही कोंब येईपर्यंत पाणी नाही, पाऊस येतो तेवढा पुरतो.

लावलेल्या रात्रीपासून बिनकवचाच्या गोगलगायी येतात. नवा कोंब त्यांना इतका आवडतो की कधी कधी आपल्याला वाटतं कंद उगवलाच नाही, आणि खरं तर तो दोनदा उगवून खाल्ला गेलेला असतो. लोह फॉस्फेटच्या गोळ्या लावणीच्या दिवशीच टाका, कोंब दिसल्यावर नाही. सशांसाठी पहिला महिनाभर फूटभर उंचीची तारेची जाळी.

उशिराचा फ्रॉस्ट सांगितला असेल तर संध्याकाळी रोपावर उपडी बादली किंवा जुनी चादर. तरीही शेंडा काळा पडला तर उपटू नका. जमिनीखालचे डोळे शाबूत असतात, दोन-तीन आठवड्यांत नवे कोंब येतात.

रोप फूटभर होऊन पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की मधला शेंडा खुडा. पहिल्यांदा करताना हात थरथरतो, कारण इतके आठवडे जपलेलं तेच असतं. पण खुडलं नाही तर एक उंच दांडा आणि त्यावर एक फूल. खुडलं तर चार-सहा फांद्या आणि लांब देठांची फुलं. पहिलं फूल त्यामुळे थोडं मागे जातं. ऑगस्टातल्या गणपतीसाठी म्हणूनच शेंडा जूनच्या मध्याच्या आत खुडलेला बरा, त्यानंतर नको.

इतर ठिकाणी राहणाऱ्यांसाठी

सिअ‍ॅटलला माती तापायला वेळ लागतो पण फ्रॉस्ट लवकर संपतो, तिथे एप्रिलअखेर ते मेचा मध्य. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात एप्रिल, आणि तिथे बरेच जण कंद जमिनीतून काढतही नाहीत. मिनिआपोलिसला मेअखेर, आणि तिथला हंगाम इतका आखूड आहे की घरात सुरू करणं ही चैन नाही, गरज आहे. टोरांटोत व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या आसपास, म्हणजे मेच्या उत्तरार्धात. लंडनला मेअखेर ते जूनची सुरुवात. ह्यूस्टनची गोष्ट वेगळी: तिथे लावणी मार्चमध्ये, पण उन्हाळ्याच्या उष्ण रात्रींत झाड नुसतं तग धरून राहतं. डेलियाला उबदार दिवस आणि गार रात्र लागते, त्यामुळे तिथली चांगली फुलं सप्टेंबर सरल्यावरच.

आणि न उगवलेल्या कंदाचं. वाफ्यात लावून पाच-सहा आठवडे झाले, जूनचा मध्य आला आणि अजून काही नाही, तर एका कडेने हाताने उकरा. मऊ लागला तर गेला. टणक आहे आणि मानेशी पांढरा कोंब वर येतोय तर तसाच झाकून आणखी दोन आठवडे द्या. टणक आहे, भरपूर मुळं आहेत, पण मानेशी काहीच नाही, तर त्याला डोळाच नव्हता. काढून टाका आणि त्या खड्ड्यात झेंडूचं रोप लावा, दसऱ्याच्या तोरणाला फुलं होतील.